तडजोडीच्या कागदावर कुणाचा अंगठा?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी रयत सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेली. दुकानं फुटली, वह्या आणि कर्जखतं रस्त्यावर आणून जाळली गेली. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत हेच घडलं. माणसांच्या जिवाला फारसा धक्का लागला नाही. राग सगळा कागदावर होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला होता आणि सारा वाढला होता. कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घालणाऱ्या १८५९च्या कायद्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घेत होता. निरक्षर कुणबी अंगठा उठवायचा आणि कोर्टात बहुधा हजरच व्हायचा नाही. मग एकतर्फी हुकूमनामा निघायचा आणि जमीन जायची.

असे तंटे कोर्टाबाहेर मिटवायचा, सामोपचाराचा विषय निघाला की आपल्याकडे जुन्या गोतसभेचे, म्हणजे गावच्या न्यायसभेचे, गोडवे गायले जातात. तिची कार्यपद्धती खरोखर अभ्यासण्यासारखी आहे. वतनाचा किंवा शिवेचा तंटा आला की देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार बसत. दोन्ही पक्ष आधी राजीनामा लिहून देत, म्हणजे सभा देईल तो निवाडा मान्य करू अशी कबुली. मग तकरीर (म्हणजे जबाब), साक्षी, जुने कागद. शेवटी महजर, म्हणजे निवाडापत्र, होई, आणि हरलेला आपण हरल्याचं यजितखत स्वतः लिहून देई. जिंकणाऱ्याने हरकी, म्हणजे विजयाची फी, भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड. निकाल सगळ्या पंचक्रोशीसमोर झालेला असल्याने तो फिरवणं अवघड असे. पेशवाईचा मुलूख ताब्यात आल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात पंचायतीची दिरंगाई आणि लाचलुचपत नोंदवली, तरीही ती टिकवावी असंच त्याचं मत पडलं. इंग्रजांच्या १८२७च्या कायदेसंहितेनंतर मात्र कोर्टकचेऱ्यांनी तिची जागा घेतली.

पण त्या सभेत प्रत्येकाच्या शब्दाला सारखं वजन नव्हतं. वतनदाराच्या शब्दाचं वजन निराळं, गावकुसाबाहेरच्या माणसाचं निराळं, आणि बाईचं तर बहुतेक ठिकाणी धरलंच जात नसे. हे बाजूला ठेवून गोतसभेचं कौतुक करणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

१८७५च्या त्या दंग्यांनंतर सरकारने आयोग नेमला आणि त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार त्याने न्यायाधीशाला दिला. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं थांबवलं. शिवाय समेट घडवण्यासाठी गावोगावच्या प्रतिष्ठितांना नेमलं. त्यांचा दाखला असल्याशिवाय सावकाराला शेतकऱ्यावर दावाच लावता येत नव्हता. पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली न्यायाधीश म्हणून काम केलं. त्याआधी पुण्यात सार्वजनिक सभेच्या मंडळींनी लवाद कोर्टाचा प्रयोगही केला होता.

योजना चांगली होती, पण तिच्यात एक मोठी फट राहिली. समेटाचा कागद कोर्टात दाखल झाला की त्याला हुकूमनाम्याचं बळ येई. मध्यस्थासमोर सावकार हिशेब घेऊन बसे आणि समोरचा शेतकरी पुढच्या पेरणीच्या बियाण्यासाठी त्याच्याच दारात जाणार असे. अशा माणसाने दिलेली कबुली कितपत खुशीची? ज्याला उठून जाता येत नाही त्याची संमती मी तडजोड मानत नाही.

अशा लादलेल्या संमतीची सर्वांत भीषण रूपं जातपंचायतींनी दाखवली. तिथे पंच असतात, दोन्ही बाजू ऐकल्याचा देखावा असतो, दंड असतो. नकार दिला तर वाळीत टाकणं असतं. २०१३ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम सुरू केली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तरीही मी सामोपचाराच्याच बाजूचा आहे. विहिरीच्या पाण्यावरून दोन भाऊ कोर्टात गेले, तर न्यायाधीशाला हिस्सा कुणाचा एवढंच ठरवता येतं. मध्यस्थ विचारतो, पाणी कधी लागतं? एकाला उसासाठी, दुसऱ्याला पोरीच्या लग्नापूर्वी भाजीपाला काढायला. तो आधी दोघांना एकत्र ऐकतो, मग एकेकाला वेगळं बसवतो, आणि तिथे बोललेलं दुसऱ्याकडे नेत नाही. ‘म्हणजे मोठ्या भावाने बारशाला बोलावलं नाही, हे तुम्हाला लागलं, असंच ना?’ असं तो ऐकलेलं परत सांगतो. पुष्कळदा वाद मोटारीच्या पाळीचा नसून त्या बारशाचा असतो. लवाद निर्णय देतो. मध्यस्थाच्या हाती निर्णय नसतोच, आणि म्हणूनच लोक त्याच्याशी मोकळेपणी बोलतात.

१५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने निवडलेली समिती बांधाचे, वाटणीचे आणि तडजोडीला पात्र असलेले फौजदारी तंटे मिटवू लागली. गावाला लोकसंख्येप्रमाणे बक्षीस मिळे. मला त्या बक्षिसाचीच धास्ती वाटते. मिटलेल्या तंट्यांना गुण मिळू लागले की मिटवण्याची घाई होते, आणि घाईत समजूत काढली जाते ती नेहमी गरिबाची. त्या मानाने २०२३ची सलोखा योजना मला जास्त आवडते: बारा वर्षं एकमेकांच्या ताब्यात असलेल्या शेतजमिनींची अदलाबदल नोंदवायला मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार. यात कुणाला दटावायचं कारणच उरत नाही.

संसदेने २०२३ मध्ये मध्यस्थी कायदा केला. कोणत्याही पक्षाला मध्यस्थीतून बाहेर पडता येईल, ही त्यातली तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. गावपातळीवरच्या सामुदायिक मध्यस्थीला दोन्ही पक्षांची आधी संमती लागेल, आणि तिथला करार हुकूमनाम्यासारखा बजावता येणार नाही. काही वकिलांना ही उणीव वाटते. १८७९च्या अनुभवानंतर मला ती योग्य वाटते.

लोकअदालतीची गोष्ट वेगळी आहे. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून तिथे सही करण्याआधी मजकूर कुणाकडून तरी वाचून घ्या. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नसताना तिथे वकील मोफत मिळतो. तो मागून घ्या.