सायकलीला मोटर जोडण्यापूर्वी

घरात एक धडधाकट सायकल आहे. कामाची जागा पंधरा-सोळा किलोमीटरांवर आहे. पायात पूर्वीचा जोर राहिलेला नाही, आणि पेट्रोलवरची गाडी घ्यायची तर तिचा हप्ता आणि रोजचे तेल, दोन्ही खिशाला जड. अशा वेळी आहे त्या सायकललाच विजेची मोटर बसवून घ्यावी, असा विचार हल्ली पुष्कळांच्या मनात येतो. विचार वाईट नाही. चाकाच्या तुंब्यातच मावणारी मोटर, जिला हब मोटर म्हणतात, ती मिळते. बॅटरी, कंट्रोलर, मुठीवरचा थ्रॉटल, सारे एका खोक्यात मिळते. बसवायला एक दुपार पुरते.

अडचण असते ती दुकानातल्या एका प्रश्नोत्तराची. आपण विचारतो, "एका चार्जिंगमध्ये किती जाईल हो?" आणि उत्तर येते, "पन्नास किलोमीटर, साहेब, डोळे मिटून!" हे पन्नास खोटेच असतात असे नाही. पण ते कोणाचे पन्नास, किती वजनाच्या माणसाचे, किती वेगाने, कोणत्या रस्त्यावरचे, हे कोणी विचारीत नाही. मग एके रात्री पावसात, घर चार किलोमीटर उरले असताना मोटर गप्प होते, आणि तीस किलोचे धूड पायाने रेटीत न्यावे लागते.

हा हिशेब दुकानदारावर सोपवण्याचे कारण नाही. तो शाळेतल्या भागाकाराइतका सोपा आहे. बॅटरीत साठा किती, आणि एका किलोमीटरला खर्च किती, एवढेच पाहायचे.

आधी साठा. बॅटरीवर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर-तास. त्यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास, म्हणजे ३६० वॅट-तास. विजेच्या बिलात ज्याला आपण युनिट म्हणतो ते १,००० वॅट-तासांचे. तेव्हा ही बॅटरी म्हणजे युनिटच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक. ती भरायला, चार्जरमधली गळती धरूनसुद्धा, अर्धे युनिटही लागत नाही. यापेक्षा स्वस्त वाहन शोधून सापडायचे नाही!

पण ३६० वॅट-तास सगळेच हाती येत नाहीत. लिथियमच्या बॅटरीतला रक्षक सर्किटबोर्ड घट फार उतरू नयेत म्हणून आधीच पुरवठा तोडतो, आणि रोज तळापर्यंत उपसलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणून नव्या बॅटरीचे ३०० धरावेत. काही वर्षांच्या वापराने पाचवा हिस्सा आणखी गेला की २४० उरतात. माझे सांगणे असे की, खरेदी करताना हिशेब या २४० वर करावा.

शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त म्हणून घेणारांनी तर अधिकच जपावे. १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांच्या तीन बॅटऱ्या जोडल्या तर कागदावर ४३२ वॅट-तास होतात. पण तो आकडा वीस तासांत हळूहळू वीज काढली तरचा. आपण काढणार तास-दीड तासात. तेवढ्या घाईत शिशाची बॅटरी साधारण साठ टक्केच देते, आणि वजन मात्र बारा किलोच्या आसपास!

आता खर्च. सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना सायकलला अडवणारे दोघेच: रस्ता आणि हवा. तुम्ही, सायकल, मोटर, बॅटरी आणि जेवणाचा डबा मिळून शंभर किलो वजन धरू. साध्या टायरमध्ये हवा नीट भरलेली असेल तर एवढे ओझे चालते ठेवायला सुमारे एक किलोचा जोर लागतो, म्हणजे एक किलोचे वजन दोरीला टांगल्यावर जेवढी ओढ बसेल तेवढी. वेग वाढला म्हणून हा जोर फारसा वाढत नाही. टायर मऊ असेल तर मात्र एकाचा दीड किलो सहज होतो. पंपाचे चार दट्टे मारण्याचा कंटाळा किती महाग पडतो पाहा.

हवेचे गणित वेगळे. ताठ बसून ताशी २० किलोमीटरने चाललात तर हवेचाही अडथळा साधारण एक किलोचाच असतो. पण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. २५ ला तो दीड किलोच्या वर जातो, ३० ला सव्वादोन किलो होतो, आणि १५ ला अर्ध्या किलोवर येतो.

एक किलोचा जोर एक किलोमीटरभर लावायला चाकापाशी २.७ वॅट-तास लागतात. मोटर आणि कंट्रोलर मिळून वाटेत पाव हिस्सा उष्णतेत घालवतात असे धरले, तर बॅटरीतून सुमारे ३.६ जातात. हा ३.६ चा आकडा लक्षात ठेवा. पुढचे सारे त्याच्यावर चालते.

ताशी २० ला एकूण जोर दोन किलो, खर्च किलोमीटरला ७.२ वॅट-तास. साठा ३००. पल्ला झाला ४१ किलोमीटर. तीच सायकल, तोच माणूस, तीच बॅटरी. २५ ने गेलात तर ३२, तीस गाठलेत तर जेमतेम २५, आणि १५ ने शांतपणे गेलात तर ५३! दुकानदाराचे पन्नास ते हे. ते खरेच आहेत, पण बैलगाडीला मागे टाकण्याच्या घाईत नसलेल्या माणसाचे आहेत.

वारा सुटला की आणखी गंमत. हवेला तुमच्या रस्त्यावरच्या वेगाशी कर्तव्य नाही. समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा असेल तर तुमचे २० तिला ३० वाटतात. पल्ला ४१ वरून २५ वर येतो. तुम्ही म्हणाल, परतताना हाच वारा पाठीशी असेल, फिटंफाट होईल. होत नाही. जाताना किलोमीटरला जवळजवळ १२ वॅट-तास जातात आणि येताना साडेचार. सरासरी आठाच्या वर पडते, म्हणजे वारा नसतानाच्या सव्वासातापेक्षा जास्तच. पावसाळ्यात पुण्याला वारा पश्चिमेचा. सकाळी चिंचवडहून शिवाजीनगरला येणाराला तो ढकलतो आणि संध्याकाळी, बॅटरी अर्धी झाल्यावर, तोंडावर येतो.

शिवाय शहरात सिग्नल आहेत. शंभर किलोला थांबल्या जागेवरून २५ च्या वेगाला आणायला दर वेळी सुमारे एक वॅट-तास लागतो, आणि ब्रेक दाबला की तो रबराच्या घासण्यात नाहीसा होतो.

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक मदतनीस आहेत. सगळेच त्यांना मामा म्हणतात. दिवाळीचे पैसे हाती आले तेव्हा ते कागदपेन्सिल घेऊन माझ्याकडे आले. "सर, सोळा जाताना, सोळा येताना. पन्नासची बॅटरी पुरेल ना?" बत्तीस आणि पन्नास, शंका कशाला, असेच कोणालाही वाटेल. आम्ही मांडून पाहिले. ताशी २२ चा वेग धरला तर किलोमीटरला ८, म्हणजे बत्तिसाला २५६. जाता-येता चाळीस वेळा थांबणे, त्याचे ४०. पावसाळी वाऱ्याचे वरकड ३०. बेरीज ३२६. नव्या बॅटरीचे ३००, आणि पुढे २४०. म्हणजे नुसत्या थ्रॉटलवर मामा पहिल्याच जुलैत रस्त्यात अडकले असते.

यावर उपाय मोठ्या बॅटरीचा आहेच, पण तिची किंमत मामांच्या पाकिटात नव्हती. दुसरा उपाय सायकलला मुळातच आहे, तो म्हणजे पायडल. साधारण प्रकृतीचा माणूस घाम न गाळता तासभर ५० वॅट शक्ती देऊ शकतो. २२ च्या वेगाला ही मदत किलोमीटरला बॅटरीतले ३ वॅट-तास वाचवते. बत्तिसाचे झाले ९६. तीनशे सव्वीसाचे २३० उरले, आणि म्हाताऱ्या बॅटरीतही, काठावर का होईना, बसले. जाहिरातीतले साठ-सत्तरचे आकडे येतात ते असे, बरं का. त्यात निम्मे पाय तुमचेच असतात. काठावरचा हिशेब मामांना पटेना. तेव्हा तिसरी तोड निघाली: दिवसा महाविद्यालयात चार्जिंग. प्राचार्यांनी अर्ध्या युनिटासाठी लेखी अर्ज मागितला, आणि दिला! आता बॅटरी माझ्या टेबलाशेजारी, माणसांच्या नजरेसमोर चार्ज होते. तीच योग्य जागा. लिथियमची बॅटरी कोणी नसलेल्या खोलीत किंवा जिन्याखाली लावून जाऊ नये.

वेगाबद्दलही एक गैरसमज आहे. मोठी बॅटरी म्हणजे जास्त वेग, असे समजतात. अँपिअर-तास वाढले तर पल्ला वाढतो. वेग ठरतो व्होल्टवर आणि मोटरच्या वेटोळ्यांवर. मोटर ३६ व्होल्टला मिनिटाला २२० फेरे घेते असे लिहिले असेल, आणि आपल्या अठ्ठावीस इंची चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर असेल, तर मिनिटाला ४८४ मीटर, म्हणजे ताशी २९ किलोमीटर झाले. पण हा चाक उचलून धरल्यावरचा, रिकामा वेग. माणूस बसला की त्याचा तीन-चतुर्थांश, फार तर थोडा जास्त, म्हणजे २२ ते २४ हाती येतो. आणि दिवसभर तोही सारखा नसतो. पूर्ण भरलेली ३६ व्होल्टची बॅटरी प्रत्यक्षात ४२ दाखवते आणि संपत आली की ३१-३२. सकाळी तरतरी आणि संध्याकाळी आळस, हा दोष मोटरचा नव्हे.

कोणी सांगेल, ४८ व्होल्ट लावा, पळेल. पळेल खरी. पण आपल्याकडच्या नियमांप्रमाणे, इतर अटींबरोबर, शक्ती २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत असला तरच असे वाहन मोटार वाहनात धरले जात नाही. त्यापलीकडे नोंदणी, परवाना, विमा सारे आले. कायदा बाजूला ठेवला तरी जुन्या सायकलचे दांडीचे ब्रेक १५ च्या वेगासाठी ठीक. ३० ला त्यांना चौपट ऊर्जा जिरवायची असते, आणि रिम ओली असेल तर विचारूच नका. माझ्या मते मोटरच्या आधी पैसा ब्रेकवर खर्चावा.

राहता राहिला चढ. विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, सिंहगड चढेल का?" शंभर किलो शंभर मीटर उंच न्यायला बॅटरीतून ३६ वॅट-तास लागतात, म्हणजे सपाटीवरच्या पाच किलोमीटरांइतके. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, गड सुमारे १,३१२ वर. साडेसातशे मीटर चढायचे तर २७० वॅट-तास नुसत्या उंचीचे, आणि गडापर्यंतच्या वाटेचे वेगळे. तेही मोटर नेहमीइतकीच काटकसरी राहिली तर. पण ती राहात नाही. वीस मीटरला एक मीटर असा मध्यम चढ असला तरी जोर दोन किलोवरून सहावर जातो आणि २५० वॅटची मोटर पंधराच्या खाली येते. घाटात दहाच्याही खाली. हब मोटरला गिअर बदलता येत नाही. ती जेवढी सावकाश फिरते तेवढा तिचा जास्त हिस्सा उष्णतेत जातो, वेटोळी तापतात आणि खर्च दीडपट-दुप्पट होतो. तेव्हा डोणज्यापर्यंत मोटरने जावे, आणि घाटात पायाने मनापासून मदत करावी. हात लावून मोटर पोळते आहे असे वाटले तर दहा मिनिटे सावलीत थांबावे. उतरताना बॅटरी भरेल अशी आशा धरू नये. गिअर असलेल्या लहान हब मोटरी उतारावर मोकळ्या सुटतात, त्यांच्यातून वीज परत येत नाही. चढताना कमावलेली सारी उंची ब्रेकच्या रबरावरच उतरवावी लागते. ते रबर निघण्यापूर्वी घरीच बदलून घ्यावे.