पाणी कमी, हॉवर्थिया खुशीत

पश्चिमेला उत्तनचा समुद्र, उत्तरेला वसईची खाडी आणि काठाने मिठागरं. मीरा-भाईंदरची हवा कोरडी अशी क्वचितच असते. अशा ठिकाणी ग्रिलच्या खिडकीत सक्युलंट लावायचं, तर रूपावर भाळून चालत नाही. एचेवेरिया सगळ्यांत देखणी, पण ती मूळची मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. तिला भरपूर ऊन आणि गार रात्री हव्यात. इथल्या जुलैत ती बुंध्यापासून कुजायला लागते. इथल्या फ्लॅटमध्ये खरं टिकतं ते हॉवर्थिया.

हे कोरफडीच्याच कुळातलं बुटकं झाड. दक्षिण आफ्रिकेत ते खडकांच्या आणि झुडपांच्या सावलीत वाढतं, त्यामुळे इमारतींच्या दाटीतून येणारं सकाळचं कोवळं ऊन त्याला पुरतं. दुपारचं कडक ऊन मिळालं की पानं लालसर पडतात.

पांढऱ्या पट्ट्यांचं ‘झेब्रा’ सर्वांच्या ओळखीचं. 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी ते हॉवर्थिओप्सिस या वेगळ्या प्रजातीत टाकलं, तरी नर्सरीत जुनंच नाव चालतं. ‘फॅसिएटा’ म्हणून विकलं जाणारं झेब्रा बहुतेक वेळा ‘अटेन्युआटा’ जातीचं निघतं. पानाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवून पाहावं. बारीक दाणे हाताला लागले तर अटेन्युआटा. फॅसिएटाची आतली बाजू गुळगुळीत असते, पट्टे फक्त पाठीवर.

जपायचं ते पाण्याला. हॉवर्थियाच्या पानांवरची रंध्रं रात्री उघडतात, तेव्हाच कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतात आणि दिवसा मिटून राहतात. त्यामुळे पाणी फार कमी उडून जातं. त्यात या पट्ट्यात जून ते सप्टेंबरात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि दमट हवेत कुंडी दिवसचे दिवस वाळत नाही. म्हणून पाण्याचा वार ठरवू नये. आइस्क्रीमची काडी तळापर्यंत खुपसावी आणि ती कोरडी निघाली तरच पाणी घालावं. पावसाळ्यात कुंडी ग्रिलवरून आत घ्यावी आणि बशीत पाणी साचू देऊ नये. पानं पातळ होऊन आत वळली तर झाड तहानलेलं आहे, हे सहज सुधारतं. बुंध्याशी पानं मऊ, पाणीदार झाली तर मुळं कुजली आहेत; तेव्हा रोप लगेच उपटून कुजका भाग कापून टाकावा.

नर्सरीतून आलेलं रोप बहुधा कोकोपीटमध्ये असतं. ते ओलावा धरून ठेवतं, म्हणून घरी आणल्यावर हलक्या हाताने झाडून टाकावं. निम्मी माती, निम्मा विटांचा खडबडीत चुरा आणि जाड वाळू, भोक असलेली उथळ मातीची कुंडी, एवढं बस्स. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसावा.

बुंध्याशी पिल्लं येतात. ती वेगळी करायला ऑक्टोबरचा उन्हाळा सरल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात हात घालावा. स्वतःची मुळं फुटलेलं पिल्लूच काढावं, जखम दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावी, मग कोरड्या मातीत लावून आठवडाभराने पहिलं पाणी.