आधी मागचा अ‍ॅक्सल
लेखमाला : चार चाकांची ताकद – लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ठरवलं. मोठे टायर चढवल्यावर ते का बदलावं लागतं, तेही पाहिलं. त्या कामासाठी अ‍ॅक्सल उघडणारच असेल, तर लॉकरचा निर्णय तेव्हाच घ्यावा. बेअरिंग काढणं, शिम लावणं, दात जुळवणं ही सगळी मेहनत दोन्ही कामांना सारखीच लागते आणि तिचे पैसे दोनदा देण्यात अर्थ नाही.

उदाहरण तेच ठेवू. अमेरिकेतली फोर्ड एफ-२५० सुपर ड्यूटी, डिझेल, चार दारांची, पुढे डॅना ६० आणि मागे स्टर्लिंग १०.५ अ‍ॅक्सल. आठवडाभर ती कोलोरॅडोत घोड्यांचा ट्रेलर ओढते आणि सुट्टीत युटामधल्या मोआबच्या खडकांवर जाते. अशा गाडीच्या मालकाला दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो असा, की सगळ्यात मजबूत लॉकर हवा ना? हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. लॉकर हवा तेव्हा पूर्ण मोकळा होतो का, हे आधी विचारावं.

लॉकर मुळात काय करतो, हे महाराष्ट्रात ज्यानं ट्रॅक्टरवर बसून नांगरट केली आहे त्याला सांगावं लागत नाही. एक चाक तासात, दुसरं वरच्या ढेकळांवर. वरचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं, की टाचेजवळचं पेडल दाबायचं. दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात आणि ट्रॅक्टर पुढे सरकतो. बांधाशी वळण्याआधी पाय उचलायचा, नाहीतर ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो. पिकअपच्या अ‍ॅक्सलमधलं तत्त्व हेच आहे. फरक इतकाच, की ट्रॅक्टर नरम मातीत सावकाश चालतो आणि ही गाडी डांबरी रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरनं, मागे काही टनांचा ट्रेलर घेऊन चालते.

डिफरन्शिअलचं पेटंट फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकेरनं १८२७मध्ये घेतलं, तेही वाफेच्या गाडीसाठी. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगळ्या गतीनं फिरू द्यायचं, हे त्याचं काम. ते करताना तो दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क देतो, आणि अडचण तिथेच सुरू होते. ज्या चाकाची पकड कमी, त्याला झेपेल तेवढाच टॉर्क दुसऱ्यालाही मिळतो.

आकडे घालून पाहू. रिकाम्या डिझेल पिकअपचं वजन तीन टनांच्या पुढे असतं, पण त्यातला मोठा वाटा पुढे, इंजिनावर असतो. मागच्या प्रत्येक चाकावर ६७५ किलो भार आहे असं धरा. टायर ३५ इंची, म्हणजे त्रिज्या सुमारे ०.४४ मीटर. कोरड्या खडकावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला, तर ते चाक घसरण्याआधी सुमारे २,३०० न्यूटन-मीटर टॉर्क पेलतं. बर्फावर गुणांक ०.१ धरला, तर जेमतेम २९०. आता डावं चाक खडकावर आणि उजवं बर्फावर आहे. मोकळ्या डिफरन्शिअलमध्ये दोघांना २९० मिळून ५८०. लॉक केलं, की २,३०० अधिक २९०, म्हणजे जवळपास २,६००. साडेचारपट! इंजिन तेच, टायर तेच. लॉकरनं नवी पकड निर्माण केली नाही. खडकावरच्या चाकापाशी जी वापराविना पडून होती, ती कामाला लावली.

याच गणितातून पुढची गोष्टही दिसते, जिच्याबद्दल विक्रेते फारसं बोलत नाहीत. अशा वेळी लॉक केलेल्या अ‍ॅक्सलमध्ये जवळपास सगळा टॉर्क एकाच शाफ्टमधून जातो. हौद्यात दोन टन माल भरला आणि तो मागच्या अ‍ॅक्सलवर बसला, तर प्रत्येक चाकावरचा भार १,६७५ किलोवर जातो आणि त्याच खडकावरचं चाक ५,७००हून अधिक न्यूटन-मीटर टॉर्क ओढू शकतं. आताच्या सहा-सात लिटरच्या अमेरिकी डिझेल इंजिनांचा टॉर्क १,३००-१,४०० न्यूटन-मीटरच्या पुढे गेला आहे. पहिला गिअर, ट्रान्सफर केसची लो रेंज आणि अ‍ॅक्सल मिळून तो चाळीसपटीच्या आसपास वाढतो. एवढा टॉर्क टायरला कधीच पेलत नाही. टायर घसरतो आणि त्यामुळे शाफ्ट वाचतो. पण चाक खडकाच्या फटीत अडकलं, तर घसरायला वाव उरत नाही. तिथं शाफ्ट पिळला जातो. म्हणून लॉकरच्या किमतीत शाफ्टची किंमत आधीच धरावी. त्याच्या टोकाला किती स्प्लाइन आहेत, ३० की ३५, तेही विचारावं. स्प्लाइन जास्त म्हणजे साधारणपणे शाफ्ट जाड.

पर्यायांत सगळ्यात जुनं आणि नावाजलेलं नाव डेट्रॉइट लॉकर. त्याला बटन नाही, तार नाही, हवा नाही. दोन्ही बाजूंना दातेरी क्लच असतात आणि ते कायम जोडलेले असतात. वळणावर बाहेरचं चाक जमिनीमुळे जास्त वेगानं फिरायला लागलं, की त्या बाजूचे दात सुटतात आणि आतलं चाक एकटं गाडी ढकलतं. वळण संपलं, की दात पुन्हा बसतात, कधी टकटक आवाज करत, कधी जोराचा धक्का देऊन. मोडतोडीच्या बाबतीत त्याच्याइतकं भरवशाचं यंत्र मी पाहिलेलं नाही. तरीही आपल्या उदाहरणातल्या गाडीत मी तो बसवणार नाही. ट्रेलर जोडून चढावरच्या वळणावर एक्सलेटर दाबलेला असताना दात कधी सुटतात, कधी सुटत नाहीत. गाडी थोडी पुढे ढकलली जाते आणि सुटताना झटका बसतो. बर्फात तर हा सरळ धोका आहे. मोकळ्या अ‍ॅक्सलमध्ये एक चाक घसरलं, तरी दुसरं गाडीला आडवं सरकण्यापासून धरून ठेवतं. लॉक असलेल्या अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि मागचा भाग रस्त्याच्या उताराकडे, कडेला जातो. रॉकी पर्वतातल्या हिवाळ्यात, पाठीमागे घोडे असताना, ही जोखीम कशासाठी घ्यायची?

जनरल मोटर्सनं १९७३पासून पिकअपमध्ये ईटनचा वेगळा स्वयंचलित लॉकर दिला. ऑर्डर फॉर्मवरच्या संकेतावरून लोक त्याला जी-८० म्हणतात. साध्या चालवण्यात तो मोकळाच असतो. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला, की आतलं गव्हर्नर त्याला लॉक करतं, आणि ताशी तीसेक किलोमीटरच्या वर लॉक होऊच देत नाही. रोजच्या चालकासाठी ही रचना खरोखर हुशारीची आहे. त्याला काही लक्षात ठेवावं लागत नाही. दोष असा, की लॉक होण्याआधी चाक फिरून सुटावं लागतं. खडकावर चाक फिरलं, म्हणजे गाडी तोवर घसरलेली असते. शिवाय एक्सलेटर जोरात दाबलेला असताना लॉक झालं, तर तो सगळा झटका आतल्या भागांवर येतो.

क्लच-प्लेटवाले लिमिटेड स्लिप आणि तिरक्या दातांचे गिअरवाले डिफरन्शिअल हे खरे लॉकर नव्हेत. ट्रूट्रॅकसारखा गिअरवाला प्रकार मला ट्रेलर ओढणाऱ्या गाडीसाठी मनापासून आवडतो, कारण त्यात झिजणाऱ्या प्लेट नाहीत आणि वळणात तो जाणवतही नाही. पण एक चाक पूर्ण हवेत गेलं, की कमी पकडीच्या चाकाला जे मिळतं त्याच्या काही पट दुसऱ्याला देण्याचं त्याचं गणित कोलमडतं. शून्याचे कितीही पट शून्यच. ब्रेकवर हलका पाय ठेवला, तर त्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि काम चालतं. मोआबच्या पायऱ्यांसारख्या खडकावर मात्र तेवढं पुरत नाही.

मग राहिले हवे तेव्हा लावायचे लॉकर. ऑस्ट्रेलियातल्या एआरबी कंपनीचा एअर लॉकर हवेच्या दाबानं चालतो: छोटा कॉम्प्रेसर, अ‍ॅक्सलमध्ये जाणारी बारीक नळी, आत एक पिस्टन जो लॉकिंग गिअर सरकवतो. बंद असताना तो साधा डिफरन्शिअल असतो, चालू असताना पूर्ण जखडलेला. मधलं काहीच नाही. बटन दाबताच तो लागतो, त्यासाठी चाक घसरावं लागत नाही. त्याची कमकुवत जागा म्हणजे नळी आणि सील. नळी तापलेल्या एक्झॉस्टजवळून नेली किंवा फांदीला अडकेल अशी मोकळी सोडली, की गळती ठरलेली. इलेक्ट्रिक लॉकरला हवा लागत नाही, फक्त एक तार लागते. काही इलेक्ट्रिक रचनांत गाडी पुढून मागे घेताना लॉक क्षणभर सुटतो आणि पुन्हा बसतो. रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढताना हे जाणवतं. फोर्डनं सुपर ड्यूटीत २०११च्या मॉडेलपासून मागे इलेक्ट्रिक लॉक पर्याय म्हणून दिला. तुमच्या गाडीत तो आधीच असेल, तर मागचं काम झालंच आहे. असे खूप मालक आहेत, ज्यांनी ते बटन एकदाही ओढलेलं नाही.

माझं मत त्यामुळे स्पष्ट आहे: मागे, बटनावर चालणारा लॉकर, आणि तोही पुढच्याच्या आधी. चढावर भार मागे सरकतो, मालही मागेच असतो, आणि रिकामी गाडी ओल्या गवतावर अडकते तीही मागची चाकं हलकी असल्यामुळेच. नव्या गाड्यांत घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असते आणि चिखलातल्या पार्किंगमधून बाहेर पडायला ती पुरेशी आहे. लांब चढावर मात्र ती ब्रेक तापवते आणि चाक फिरल्यानंतरच जागी होते.

पुढच्या अ‍ॅक्सलची गोष्ट वेगळी, कारण तिथं चाकं वळतात. पुढचा लॉक लावला, की स्टिअरिंग जड होतं आणि गाडी सरळ जाऊ पाहते. पूर्ण वळवलेल्या चाकाजवळचा युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस आधीच तिरक्या कोनात असतो. त्याच वेळी सगळा टॉर्क त्या एका शाफ्टमधून गेला, तर पहिला तुटतो तो क्रॉस किंवा त्याला धरणारे शाफ्टचे कान. म्हणून पुढचा लॉक फक्त बटनावरचाच असावा, लो रेंजमध्ये, चाकं सरळ असताना, आणि अडथळा ओलांडला की लगेच काढावा. राम पॉवर वॅगन २००५पासून दोन्ही अ‍ॅक्सलला लॉकर देते. फोर्डनं २०२०च्या ट्रेमर पॅकेजमध्ये ३५ इंची टायर आणि मागे लॉक दिला, पण पुढे पूर्ण लॉक न देता लिमिटेड स्लिपवर थांबणं पसंत केलं. ज्या गाडीचा बहुतेक वेळ रस्त्यावर जातो, तिच्यासाठी मला हा निर्णय योग्य वाटतो. जनरल मोटर्सच्या जड पिकअपला पुढे सलग अ‍ॅक्सल नसून स्वतंत्र सस्पेन्शन आहे; तिथं पुढचा लॉकर बसवण्याआधी हाफ-शाफ्ट आणि त्यांचे सांधे किती पेलतील, याचा विचार दुप्पट करावा लागतो.

जुन्याच कॅरिअरमध्ये, स्पायडर गिअर काढून त्यांच्या जागी बसणारे स्वस्त छोटे लॉकर मिळतात. हलक्या जीपसाठी ते ठीक आहेत. तीन टनांच्या डिझेलच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ते घालू नका. कॅरिअर तोच जुना राहतो आणि ताण कित्येक पटींनी वाढतो.

खरेदीआधी एक तपशील तपासा, तो चुकला तर पार्सल परत पाठवावं लागतं. डॅना ६०मध्ये ४.१० आणि त्याहून कमी गुणोत्तरासाठी एक कॅरिअर लागतो, ४.५६ आणि त्यापुढे दुसरा, कारण क्राउनची जाडी बदलते. गेल्या आठवड्यात गुणोत्तर आधी ठरवायला सांगितलं होतं, ते यासाठीच. बसवणाऱ्या मिस्त्रीला रंग लावून घेतलेला दातांचा ठसा दाखवायला सांगा. क्राउन आणि पिनियनमधली मोकळीक मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत मोजायची असते आणि हे काम अंदाजानं होत नाही. नवे दात असतील, तर पहिल्या सातआठशे किलोमीटरनंतर ऑइल बदला, आणि तोवर ट्रेलर जोडू नका.

डॅशबोर्डवरचा दिवा लागला म्हणजे लॉक बसलाच असं नाही. काही जोडण्यांत तो फक्त बटन दाबलं गेलं एवढंच सांगतो. खात्री करायची, तर सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावा, मागचा अ‍ॅक्सल पक्क्या स्टँडवर घ्या, इग्निशन चालू पण इंजिन बंद ठेवा, गिअर पार्कमध्ये टाका. एक चाक हातानं फिरवा. लॉक काढलेला असेल, तर दुसरं चाक उलट फिरेल. लावलेला असेल, तर चाक थोडं हलून थांबेल आणि कितीही जोर लावला तरी फिरणार नाही. ही तपासणी दर हिवाळ्याआधी आणि प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी करा.

पुढच्या आठवड्यात : पुढच्या चाकांचे लॉकिंग हब, हातानं फिरवायचे की आपोआप लागणारे.