परसबागेतील काश्मिरी हाक : घमापूरच्या अल्पकालीन थंडीसाठी लागवडीचे नियोजन

मध्य भारतातील हिवाळा हा पालेभाज्यांचा हंगाम होय. पालक, मेथी, मुळा, मोहरी व चाकवत या नेहमीच्या भाज्यांच्या जोडीला काश्मीरमधील ‘हाक’ ही पौष्टिक पालेभाजी परसबागेत घेता येते. पाश्चात्त्य देशांत हिच्याच जवळच्या प्रकारांना ‘कोलार्ड’ म्हणतात. जबलपूर शहरातील घमापूरसारख्या दाट वस्तीत मोकळी जमीन मोजकीच असते. तरीही अंगणातील एखादा वाफा किंवा गच्चीवरील १० ते १२ कुंड्या चार माणसांच्या कुटुंबाला हिवाळाभर आठवड्यातून एक-दोन वेळा पुरेल इतकी भाजी देऊ शकतात. मात्र थंड प्रदेशासाठी लिहिलेले वेळापत्रक येथे जसेच्या तसे वापरल्यास पीक हमखास फसते. या पिकाचे यश खतापेक्षाही पेरणीच्या तारखेवर अवलंबून आहे.

पिकाची ओळख

हाक ही कोबी, फुलकोबी व नवलकोल यांच्याच प्रजातीतील, परंतु गड्डा न धरणारी वनस्पती आहे. खोड सरळ वाढत जाते आणि त्यावर रुंद, जाड व गुळगुळीत पाने येतात. काश्मीरमध्ये खानयारी, कावदारी असे तिचे स्थानिक प्रकार प्रसिद्ध आहेत. तेथे अखंड पाने मोहरीच्या तेलात हिंग व मिरची घालून शिजवितात. मराठी घरांत नवलकोलाच्या किंवा मुळ्याच्या पाल्याप्रमाणे पीठ पेरून, अथवा डाळ घालून पातळ भाजी करता येते. पानांत कॅल्शियम तसेच अ, क व के ही जीवनसत्त्वे विपुल असतात. पालकातील ऑक्झॅलेटमुळे त्यातील कॅल्शियम शरीरास फारसे मिळत नाही. हाकेत ही अडचण अत्यल्प असते. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी मात्र ‘के’ जीवनसत्त्वामुळे वैद्यकीय सल्ल्यानेच तिचे प्रमाण ठरवावे.

थंडीचे दिवस किती?

हाकेच्या पानांची उत्तम वाढ साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस सरासरी तापमानात होते. रात्री थंड झाल्या की वनस्पती पानांतील पिष्टाचे काही प्रमाणात साखरेत रूपांतर करते. त्यामुळे पाने गोडसर व कोवळी लागतात. उष्णता वाढताच पाने चिवट व कडवट होतात. श्रीनगरमध्ये जानेवारीच्या गोठविणाऱ्या थंडीत पीक जवळपास स्तब्ध असते. जबलपुरात त्याच महिन्यात किमान तापमान सरासरी ९ ते १० अंशांच्या आसपास आणि दिवसाचे सुमारे २५ अंश असते, म्हणजे येथील जानेवारी हाच वाढीचा सर्वोत्तम महिना ठरतो. हा अनुकूल काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत, जेमतेम साडेतीन महिन्यांचा आहे.

म्हणून तारखा उलट मोजाव्यात. डिसेंबरच्या मध्यास पहिली तोडणी हवी असेल, तर पुनर्लागण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात व्हावयास हवी, आणि त्यासाठी बी सप्टेंबरच्या अखेरीस पेरावयास हवे. थंडी जाणवू लागल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यास बी पेरल्यास पहिली पाने जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत हाती येतात आणि महिनाभरातच ऊन तापू लागते. वसंतातील पेरणीची शिफारस थंड देशांपुरतीच आहे. येथे ती एप्रिल-मेच्या उष्णतेत सापडते.

रोपे व पुनर्लागण

सप्टेंबरअखेरीस पावसाच्या सरी संभवतात. त्यामुळे रोपे १० ते १५ सेंमी उंच गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये, पारदर्शक आच्छादनाखाली परंतु हवा खेळती ठेवून तयार करावीत. पाणी साचल्यास रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. बी एक सेंमी खोल पेरून झारीने हलके पाणी द्यावे. काळी कुज अर्थात घाण्या रोगाचे जिवाणू बियाण्यातून येतात. बियाणे प्रक्रिया केलेले नसल्यास ते ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात २० मिनिटे ठेवून लगेच थंड करावे व सावलीत सुकवावे. तापमापकाशिवाय ही प्रक्रिया करू नये. थोडे अधिक तापमानही उगवणशक्ती नष्ट करते.

चार ते पाच आठवड्यांची, ४-५ पानांची रोपे सायंकाळी लावावीत. अंतर ४५ × ४५ सेंमी ठेवावे. जबलपूर परिसरातील भारी काळ्या जमिनीत निचरा मंद असतो. तेथे सरी-वरंब्याच्या बगलेत लागवड करावी. कुंडीसाठी माती, कुजलेले शेणखत व वाळू समप्रमाणात मिसळावी आणि प्रत्येक रोपास किमान १२ ते १५ लिटर माध्यम द्यावे. वाफ्यात प्रति चौरस मीटर ३ ते ४ किलो शेणखत मिसळावे. पुढे दर तीन आठवड्यांनी प्रत्येक रोपास मूठभर गांडूळ खत पुरेसे होते. नत्राचा अतिरेक टाळावा, कारण लुसलुशीत वाढीवर मावा लवकर येतो.

पाणी थोडे परंतु नियमित द्यावे. लागवडीनंतर ५ ते ७ सेंमी जाडीचे भाताच्या पेंढ्याचे आच्छादन केल्यास ओल टिकते व तणे दबतात. उरलेली तणे हातानेच काढावीत. परसबागेत तणनाशक वापरू नये.

कीड व्यवस्थापन

या पिकाची पाने दर आठवड्याला तोडली जातात. रासायनिक कीटकनाशकानंतर तोडणीपूर्वी पाळावयाचा प्रतीक्षा काळ अशा पिकात प्रत्यक्षात पाळता येत नाही. म्हणून परसबागेतील हाक रासायनिक फवारणीविनाच घेणे श्रेयस्कर.

चौकोनी ठिपक्याचा पतंग ही मुख्य कीड. तिच्या लहान हिरव्या अळ्या पानांना चाळणीसारखी छिद्रे पाडतात. मोहरी या किडीला अधिक आकर्षित करते; म्हणून हाकेच्या पुनर्लागणीपूर्वी सुमारे १५ दिवस वाफ्याच्या कडेने मोहरीची एक ओळ पेरावी व सुमारे २५ दिवसांनंतर दुसरी. मोहरीवरील अळ्या नियमित नष्ट कराव्यात, अन्यथा सापळा पीकच किडीचे आगर बनते. कोबीवरील फुलपाखराचे पिवळ्या अंड्यांचे पुंजके पानांच्या मागील बाजूस आढळतात, ते चिरडावेत. जानेवारीनंतर मावा वाढतो. सुरुवातीस पाण्याचा जोरदार फवारा मारावा. तेवढ्याने न भागल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा : ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, त्यात चिमूटभर साबणचुरा मिसळावा व सायंकाळी फवारणी करावी. पाने धुऊनच वापरावीत.

तोडणी

पुनर्लागणीनंतर ४५ ते ६० दिवसांत तोडणी सुरू होते. पाने खालून वर या क्रमाने काढावीत. शेंड्याला धक्का लावू नये व रोपावर किमान ६ ते ८ पाने राखावीत. प्रत्येक रोपापासून आठवड्याला दोन-तीन पाने घेतल्यास तोडणी फेब्रुवारीअखेर चालते. मार्चमध्ये पाने कडवट होऊ लागताच पीक काढून टाकावे. रेंगाळलेली रोपे मावा व पतंग यांना आश्रय देतात.

बियाण्याचा प्रश्न

घरीच बी धरण्याचा मोह अनेकांना होतो. कोबीवर्गातील अशा पिकांना फुलोऱ्यासाठी, रोप पुरेसे मोठे झाल्यावर, कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते. जबलपुरात रात्री थंड असल्या तरी दुपारच्या उबेमुळे थंडीचा हा परिणाम बराचसा पुसला जातो आणि बहुतेक रोपे फुलत नाहीत. फुलोऱ्यासाठी अधिक थंडी लागणाऱ्या कोबी व फुलकोबीच्या वाणांचे बीजोत्पादन हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यासारख्या भागात होते ते याच कारणाने. शिवाय हे परपरागित पीक आहे. चुकून एखादे रोप फुलले तरी शेजारच्या फुलकोबी किंवा नवलकोलाशी संकर होऊन बी शुद्ध राहत नाही. म्हणून बियाणे काश्मीरमधील विश्वसनीय स्रोताकडून घ्यावे. कोरड्या व थंड जागी हवाबंद ठेवल्यास ते तीन-चार वर्षे उगवणक्षम राहते. तेव्हा दरवर्षी खरेदीची गरज नाही. जुन्या बियाण्याची उगवणचाचणी मात्र ऑगस्टमध्येच घ्यावी, म्हणजे नवे बी मागविण्यास अवधी मिळतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रात्यक्षिक घेताना सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरच्या मध्यास व नोव्हेंबरच्या मध्यास अशा तीन तारखांना प्रत्येकी चार रोपांसाठी पेरणी करावी आणि प्रत्येक गटातील तोडलेल्या पानांचे वजन नोंदवावे. पूर्व विदर्भातील हिवाळा जबलपूरपेक्षा किंचित सौम्य असतो. तेथे हा प्रयोग प्रथम लहान प्रमाणावर करून स्थानिक तारीख निश्चित करावी. तीन तारखांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या की बागायतदारास वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता उरत नाही.