लॅपटॉपची निद्रा आणि शीतनिद्रा

लॅपटॉपचे झाकण मिटले की काम सुरक्षित राहते, हा समज पूर्णतः खरा नाही. लिनक्स प्रणालीत यंत्राच्या विश्रांतीचे दोन प्रमुख प्रकार आहेत. ‘सस्पेंड’ म्हणजे निद्रा. तीत चालू काम रॅम या तात्पुरत्या स्मृतीत राहते व त्यासाठी अल्प का होईना, वीज सतत लागते. बॅटरी संपली की न साठविलेल्या नोंदी नष्ट होतात. ‘हायबरनेट’ म्हणजे शीतनिद्रा. तीत रॅममधील माहिती डिस्कवरील ‘स्वॅप’ या राखीव जागेत उतरविली जाते आणि यंत्र पूर्णपणे बंद होते. ते पुन्हा सुरू होण्यास अधिक वेळ लागतो. काम मात्र होते तेथूनच पुढे चालू करता येते.

स्वॅपची जागा किमान रॅमइतकी असणे इष्ट. ८ जीबी रॅम असल्यास स्वॅपही तेवढी ठेवावी. उबुंटूमध्ये ही सोय सहसा आरंभी बंद असते. ती जाणकाराकडून सुरू करून घ्यावी. पहिली चाचणी सर्व काम साठवूनच करावी. चाचणी यशस्वी झाल्यास झाकण मिटताच शीतनिद्रा लागेल, अशी व्यवस्था करता येते. जेथे वीज वारंवार खंडित होते, तेथील पंचायतीच्या करनोंदी वा शाळेचे निकालपत्रक वाचविण्यास ही दक्षता उपयोगी ठरेल.