चुन्याचा उजेड आणि लोखंडी पडदा

रोजच्या इंग्रजीतले पुष्कळ शब्द मुळात नाटकवाल्यांचे आहेत. बोलणाऱ्यांना आता त्याची आठवण राहिलेली नाही, पण त्यांचा अर्थ नीट लावायचा तर लंडनच्या जुन्या थिएटरांत शिरावे लागते. तिथले दिवे, पडदे, उतरती जमीन आणि आगीची कायमची धास्ती, या सगळ्यांनी भाषेला शब्द दिले आहेत.

‘लाइमलाइट’ मराठी वर्तमानपत्रांतही रुळला आहे. यातला ‘लाइम’ म्हणजे लिंबू नव्हे, चुना. कळीच्या चुन्याच्या कांडीवर ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची एकत्र ज्योत सोडली की कांडी वितळत नाही. ती तापून पांढरीशुभ्र होते आणि डोळे दिपवणारा उजेड देते. 1820च्या दशकात कॉर्नवॉलचे गोल्ड्सवर्दी गर्नी यांनी यावर प्रयोग केले. त्याच दशकात थॉमस ड्रमंड या लष्करी अभियंत्याने आयर्लंडच्या भूमापनासाठी असा दिवा डोंगरमाथ्यावर लावला, तेव्हा तो साठाहून अधिक मैलांवरून दिसला. 1837मध्ये कॉव्हेंट गार्डन थिएटरने तो रंगमंचासाठी घेतला. प्रत्येक दिव्यामागे एक माणूस उभा असे. ज्योतीने चुन्याला एकाच जागी खड्डा पडू नये म्हणून तो कांडी फिरवत राही आणि भिंगातून येणारा झोत प्रमुख नटावरून ढळू देत नसे. इतर नट गॅसच्या मंद उजेडात. ‘लाइमलाइटमध्ये असणे’ म्हणजे सगळ्यांच्या नजरा आपल्यावर खिळणे, हा अर्थ असा थेट रंगमंचावरूनच आला. 1881मध्ये लंडनचे सॅव्हॉय थिएटर विजेने उजळले, पुढे चुन्याचे दिवे मोडीत निघाले. शब्द मात्र टिकला.

उघड्या ज्योती, रंगवलेले कापड आणि लाकडी सांगाडा एकत्र आले की आग ठरलेलीच. म्हणून 1794मध्ये नव्याने बांधलेल्या ड्रुरी लेन थिएटरात रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये लोखंडी पडदा बसवला गेला. ते थिएटर 1809मध्ये जळून खाक झाले, तरी कल्पना टिकली आणि पुढे ब्रिटिश थिएटरांत असे आगरोधक पडदे सर्रास आले. ‘आयर्न कर्टन’ हे त्या पडद्याचे नाव. 1920मध्ये ब्रिटिश मजूर पक्षाच्या एथेल स्नोडन यांनी ते बोल्शेव्हिक रशियाच्या सरहद्दीला लावले. 5 मार्च 1946 रोजी अमेरिकेतल्या फुल्टन गावी चर्चिल यांनी ते भाषणात वापरले आणि शीतयुद्धाला त्याचा सर्वांत प्रसिद्ध शब्द मिळाला.

‘स्टील समवन्स थंडर’ची हकिकतही ड्रुरी लेनचीच. 1709मध्ये जॉन डेनिस यांचे एक नाटक तिथे पडले. त्यासाठी त्यांनी मेघगर्जनेचा आवाज काढण्याची नवी युक्ती शोधली होती. थोड्याच दिवसांत त्याच थिएटरात ‘मॅकबेथ’च्या प्रयोगात तोच गडगडाट ऐकू आला आणि माझे नाटक चालू देत नाहीत, पण माझी गर्जना चोरतात, असा संताप डेनिस यांनी व्यक्त केला, असे सांगतात. दुसऱ्याची कल्पना उचलून त्याच्याआधी वाहवा मिळवणे, या अर्थाचा वाक्प्रचार त्यातून आला.

जुन्या रंगमंचाची जमीन मागे उंच आणि प्रेक्षकांकडे उतरती असे. मागच्या भागाला म्हणूनच ‘अपस्टेज’ म्हणतात. एखादा नट मुद्दाम मागे सरकला की त्याच्याशी बोलणाऱ्याला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते आणि साहजिकच लक्ष मागच्यावर जाते. ‘अपस्टेज करणे’ म्हणजे दुसऱ्याला असे झाकोळणे. रंगमंचावरची कुरघोडी इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा शब्द सापडणे कठीण.

‘क्लॅपट्रॅप’ म्हणजे मूळचे टाळ्याखाऊ वाक्य, प्रेक्षकांकडून टाळी काढण्यासाठी पेरलेले. आज त्याचा अर्थ पोकळ बडबड. ‘एक्सप्लोड’ त्याहून जुना आणि लॅटिनमधून आलेला. तिथे त्याचा अर्थ टाळ्या वाजवून, हुर्यो करून नटाला रंगमंचावरून हाकलणे. ‘अप्लॉज’ही त्याच धातूचा. इंग्रजीत आधी धिक्काराचा अर्थ आला, स्फोटाचा नंतर. खोट्या ठरलेल्या सिद्धांताला इंग्रजीत आजही ‘एक्सप्लोडेड’ म्हणतात.