ग्रिड कम्प्युटिंग : संगणकांची इर्जिक



मोठं काम म्हटलं की मोठाच संगणक हवा, असं मुलांना वाटतं. आपल्यालाही वाटतं. पण इर्जिक आठवा. शेजारपाजारचे बैल-नांगर एका शेतात येतात आणि दिवसभरात रान नांगरून होतं. तसंच ठिकठिकाणचे संगणक नेटवर्कने जोडून एकच काम वाटून करणे म्हणजे ग्रिड कम्प्युटिंग. नाव आलं विजेच्या ग्रिडवरून. बटण दाबल्यावर वीज कुठल्या केंद्रातून आली, हे आपण विचारत नाही ना!

ही पद्धत का वाढली?

१) कामाचा डोंगर : जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रोटॉनच्या टकरींतून एवढी माहिती येते, की ती एकट्या सर्नला झेपत नाही. म्हणून ४० हून अधिक देशांतली सुमारे १७० केंद्रे जोडली आहेत. मुंबईची टीआयएफआर त्यातलीच एक.

२) रिकामे संगणक : बरेच संगणक बराच वेळ नुसतेच चालू असतात. १९९९ मध्ये बर्कले विद्यापीठाने 'सेटी ॲट होम' सुरू केलं. लाखो लोकांच्या घरचे संगणक रिकाम्या वेळात अवकाशातले रेडिओ संकेत तपासू लागले.

३) खर्च : महासंगणक प्रत्येक संस्थेला परवडत नाही. आहे ते जोडणं स्वस्त पडतं.

४) वेगवान नेटवर्क : कामाचे तुकडे लवकर पोहोचले, तरच वाटणीचा फायदा.

५) समान नियम : वेगवेगळ्या संगणकांना एकमेकांची भाषा कळायला हवी. इयान फॉस्टर, कार्ल केसलमन यांच्या 'ग्लोबस टूलकिट'ने हे सोपं केलं.

वर्गात असं करून बघा

१ ते १०० ची बेरीज दहा गटांना दहा-दहा संख्या देऊन करायला सांगा. उत्तर ५०५० यायला हवं. एक गट चुकला की सगळंच चुकतं! मग तोच तुकडा दोन गटांना द्या आणि उत्तरं जुळतात का पाहा. सेटीवालेही एकच तुकडा एकापेक्षा जास्त संगणकांना देत असत.

आता दुसरं काम द्या : २ ची दुप्पट, त्या उत्तराची दुप्पट, असं दहा वेळा. इथे दहा गट असूनही उपयोग नाही, कारण पुढच्याला मागच्याच्या उत्तराची वाट पाहावी लागते. म्हणजे ग्रिड सगळ्याच कामांना चालत नाही.

शेवटी मुलांनाच विचारा, घरातली कोणती कामं वाटून लवकर होतात आणि कोणती होत नाहीत?